केरसुणीची पाळी कोणाची? प्राथमिक शाळेविषयी वाचकांचे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की या सदराकडे येणारी पत्रे प्रवेशाची आणि गणवेशाची असतात. गणपती उठेपर्यंत मात्र वर्गाच्या आत काय चालले आहे हे पालकांना कळू लागलेले असते आणि पत्रांचा सूर बदलतो. या वेळी निवडलेले सर्व प्रश्न पहिली ते चौथीच्या शाळांविषयी आहेत. मी ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत काढली, त्यांपैकी १३ मुख्याध्यापक म्हणून, त्यामुळे उत्तरांत माझ्या स्वतःच्या चुकाही आल्या आहेत. पत्रे लांब होती. गाभा ठेवून ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात वर्ग झाडण्याची पाळी तिच्यावर आली होती, असे तिने सहज बोलता बोलता सांगितले. आम्ही मुलीला शिकायला पाठवतो, झाडायला नाही, असे तिच्या आजोबांचे म्हणणे आहे आणि मलाही ते पटते. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करावी का? (एक पालक, लातूर)

उत्तर : तक्रार लिहिण्यापूर्वी मुलीला एवढेच विचारा, की त्या दिवशी तिच्याबरोबर आणखी कोण झाडत होते. ‘आम्ही सगळेच आळीपाळीने झाडतो, बाईसुद्धा झाडतात’ असे उत्तर आले, तर मी शाळेच्या बाजूने आहे आणि आजोबांची समजूत आपणच काढावी असे सुचवेन. ‘मुलीच झाडतात’ किंवा ‘मी उशिरा गेले म्हणून मला झाडायला लावले’ असे उत्तर आले, तर मात्र तक्रार जरूर करा, आणि ती नेमक्या त्याच मुद्द्यावर करा.

स्वतः बसतो ती जागा स्वतः स्वच्छ करण्यात कमीपणा नाही, उलट सात-आठ वर्षांच्या मुलाला ते काम मनापासून आवडते. बिघडते ते वाटपात. शिक्षा म्हणून झाडायला लावले, की झाडणे हे हलके काम आहे हा धडा वर्गातल्या तीसही मुलांना एका मिनिटात मिळतो आणि पुढे श्रमप्रतिष्ठेवर कितीही बोलले तरी तो पुसला जात नाही. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. सर्वांदेखत एकट्या मुलाच्या हातात केरसुणी देणे हे त्या मनाईच्या जवळ जाणारे आहे, असे माझे मत आहे.

आता माझी गोष्ट सांगतो. मूल्यशिक्षणाची जी दहा मूल्ये आपल्या शाळांत वर्षानुवर्षे शिकवली गेली, त्यांत श्रमप्रतिष्ठा होती आणि स्त्री-पुरुष समानताही होती. माझ्या टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या पूर्वतयारीच्या वहीत, दोन्ही शब्द आठवड्यातून एकदा तरी येत. एका वर्षी २३ फेब्रुवारीला, म्हणजे गाडगेबाबांच्या जयंतीला, आम्ही शाळेत भाषणे ठेवली. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनातून त्याच गावाची कानउघाडणी करणारे बाबा मुलांनी फार छान उभे केले. पहिली तिन्ही बक्षिसे मुलग्यांना मिळाली. कार्यक्रम संपल्यावर माझ्या सहकारी बाईंनी शांतपणे विचारले, ‘सर, ज्या अंगणात ही भाषणे झाली ते सकाळी कोणी झाडले, हे तुम्ही पाहिले का?’ मी पाहिले नव्हते. साडेनऊच्या आधी येऊन पाच मुलींनी ते झाडले होते, पाणी शिंपडले होते आणि वर रांगोळीही काढली होती. कोणी सांगितले नव्हते. ते तसेच चालत आले होते. घंटा वाजवणे, हजेरीचे आकडे कार्यालयात नेणे, पाहुण्यांसाठी खुर्च्या लावणे ही मानाची कामे मुलग्यांकडे होती, आणि तेही कोणी ठरवलेले नव्हते.

दुसऱ्या सोमवारपासून आम्ही एका रिकाम्या डब्यात सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. त्यांत आम्हा चार शिक्षकांचीही नावे होती. पहिल्याच आठवड्यात चौथीतल्या एका मुलाची पाळी आली. त्याने घरी कधी केरसुणीला हात लावला नव्हता. ती त्याने काठीसारखी उभी धरली आणि दाराकडून आतल्या भिंतीकडे झाडू लागला, त्यामुळे बाहेरच्या वाऱ्याने सगळी धूळ त्याच्याच डोळ्यांत गेली. वर्ग हसला. तेव्हा दुसरीतली एक चिमुरडी उठली, आधी तिने हाताने पाणी शिंपडले, मग त्याच्या हातातली केरसुणी आडवी करून दिली आणि ‘असं, खाली वाकून, दाराकडं’ म्हणाली. आठ दिवसांत तो शिकला. त्याची आई मात्र शाळेत आली आणि ‘आमच्या घरात पुरुषमाणसं झाडत नाहीत’ म्हणाली. मी तिला म्हटले, ‘ताई, उद्या माझी पाळी आहे, तेव्हा या.’ ती आली नाही, पण पुन्हा तक्रारही केली नाही.

एक गोष्ट या चिठ्ठ्यांच्या बाहेर ठेवा. मुलांकडून स्वच्छतागृह धुऊन घेऊ नये. हे आरोग्याच्या कारणाने तर आहेच, पण आपल्या समाजात हे काम कोणाच्या माथी मारले गेले हे ठाऊक असताना शाळेने त्या बाबतीत दुप्पट सावध राहिले पाहिजे. वापरानंतर पाणी टाकणे प्रत्येकाचे काम. धुण्यासाठी मोबदला देऊन मोठ्या माणसाची व्यवस्था करणे हे शाळेचे काम. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना जे संयुक्त शाळा अनुदान मिळते, त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो, हे तक्रार करताना लक्षात असू द्या. मुलीला हेही विचारा, की स्वच्छतागृहासाठी पाणी आणायला रोज कोण जाते. नेहमी त्याच दोन-तीन मुलांची नावे ऐकू आली, तर ती कोणत्या वस्तीतून येतात ते पाहा. ही चौकशी मीही खूप उशिरा केली होती.

प्रश्न : आमच्या दोनशिक्षकी शाळेत आम्ही ‘प्रामाणिकपणाचे दुकान’ सुरू केले आहे. पेन्सिल, खोडरबर, पट्टी आणि वह्या मांडलेल्या असतात, किमतीचा तक्ता लावलेला असतो, मुले वस्तू घेतात आणि पैसे डब्यात टाकतात. दुकानदार कोणी नाही. गेले दोन महिने आठवड्याला १० ते १५ रुपयांची तूट येते. सहकारी शिक्षक म्हणतात, दुकान बंद करा, नाहीतर आपण मुलांना चोरीच शिकवत आहोत. (सहशिक्षिका, पालघर जिल्हा)

उत्तर : दुकान बंद करू नका, आणि चोर तर अजिबात शोधू नका. आधी हिशोब शोधा. तूट आली म्हणजे कोणी तरी खोटे वागले, हे आपण मोठी माणसे फार लवकर गृहीत धरतो. मूल पाच रुपयांचे नाणे घेऊन तीन रुपयांची पेन्सिल घ्यायला येते आणि डब्यात सुटे दोन रुपये नसतात, तेव्हा ते काय करते, हे एकदा लांबून पाहा. काही मुले पाच टाकून तशीच जातात, काही ‘नंतर देईन’ म्हणून पेन्सिल घेऊन जातात आणि विसरतात. पहिलीतल्या मुलाला तर नाण्यांचा आकार कळतो, किंमत कळतेच असे नाही. ठोक भावात आणलेल्या वस्तूंची किंमत वाढली आणि तक्ता जुनाच राहिला, तरीही तूट दिसते, आणि ती तूट आपली असते.

दर शनिवारी तिसरी-चौथीच्या मुलांना डबा उघडून मोजू द्या. किती वस्तू होत्या, किती उरल्या, किती पैसे यायला हवे होते, किती आले, हे फळ्यावर मांडू द्या. गणिताच्या पुस्तकातली बेरीज-वजाबाकी अशी कामाला लागली, की ती शिकवावी लागत नाही. ‘तूट : ११ रुपये’ असे फळ्यावर लिहून तिथेच थांबा, कोणाकडेही पाहू नका. शेजारी एक उधारीची वही दोरीने बांधून ठेवा, ज्यात मूल स्वतःच्या हाताने नाव, वस्तू आणि रक्कम लिहील. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला वस्तू मिळण्याचा सरळ मार्ग हवा. तो नसताना प्रामाणिकपणाची परीक्षा घेणे म्हणजे ज्याच्या खिशात नाणे आहे त्याला फुकटचे गुण देणे होय. उधारी लिहिण्याच्या निमित्ताने दुसरीतली मुले ‘खोडरबर’ हा शब्द बिनचूक लिहू लागली तर नवल वाटू देऊ नका.

एवढे करूनही थोडी तूट राहील. ती राहू द्या. मात्र परिपाठात त्यावर सुविचार वाचू नका. आपल्या पत्रात परिपाठ रटाळ होतो अशीही एक ओळ आहे, म्हणून सुचवतो, की सुविचाराऐवजी प्रतिज्ञेतला एकेक शब्द घेऊन बसा. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिलेली ही प्रतिज्ञा आपली मुले रोज एका दमात म्हणतात आणि ‘बांधव’ म्हणजे काय हे त्यांतल्या निम्म्यांना सांगता येत नाही. ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ यातल्या ‘प्रत्येकाशी’ या शब्दावर मी एकदा चौथीत थांबलो होतो. ‘प्रत्येक म्हणजे कोण कोण?’ असे विचारल्यावर मुलांनी आई, बाबा, गुरुजी, पाहुणे अशी यादी केली. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, ‘वर्गातली पण धरायची का?’ पुढचा अर्धा तास त्या प्रश्नावर गेला आणि त्या दिवशीचे दिनविशेष राहून गेले.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे, मराठी माध्यमात. तीन महिने झाले तरी त्याच्या वहीत धड दोन पाने लिहिलेली नाहीत. शाळेत गाणी, मणी, चित्रे आणि गप्पा चालतात. शेजारचा त्याच्याच वयाचा मुलगा रोज चार पाने गृहपाठ करतो. आमचा मागे पडेल का? (एक आई, चिंचवड)

उत्तर : चार पाने लिहिणारा मुलगा काय लिहितो ते आधी पाहा. बहुधा तो एकच अक्षर किंवा एकच आकडा चाळीस वेळा काढत असेल. केंद्र सरकारने २०२० मध्ये जे शालेय दप्तर धोरण जाहीर केले, त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये असेच म्हटले आहे. ‘निपुण भारत’ या अभियानानेही वाचन आणि अंकज्ञान पक्के होण्यासाठी तिसरीच्या अखेरची मुदत धरली आहे, पहिलीच्या दिवाळीची नव्हे.

रिकामी वही ही मात्र आपोआप चांगल्या शिक्षणाची खूण नाही, हेही तितकेच खरे. म्हणून मण्यांनी किंवा काड्यांनी नेमके काय साधते ते एका उदाहरणाने सांगतो. आपल्या भाषेत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारले जातात आणि लिहिताना सहा आधी येतो. त्यामुळे अगदी हुशार मूलही त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिते. ‘एकोणतीस’ तर त्याहून अवघड, कारण त्या शब्दात तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात वीस आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता, ते आपल्याला आठवत असेल. त्या वादात माझे मत पुस्तकाच्या बाजूचे होते, पण ते असो. ज्या मुलाने दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या स्वतः मांडल्या आहेत, ते त्रेसष्ट ऐकून क्षणभर थांबते, गठ्ठे आठवते आणि ६३ लिहिते. शंभर वेळा घोकलेले मूल न थांबता ३६ लिहून मोकळे होते. अक्षरांचेही तसेच आहे. ‘अ आ इ ई’ हा क्रम कोशाला सोयीचा आहे. हाताला सोयीचा आहे तो ‘ग म भ न’, कारण त्यात एका अक्षराच्या वळणातून दुसरे अक्षर निघते.

तेव्हा वहीऐवजी मुलाच्या बोलण्याकडे, ऐकण्याकडे लक्ष द्या. मुलगा शाळेतली गोष्ट घरी क्रमाने सांगतो का, ‘कमळ’ शब्दातला पहिला आवाज वेगळा करून दाखवतो का, वाण्याच्या दुकानात दहाच्या दोन नोटा दिल्या तर किती होतात हे सांगतो का, हे पाहा. हे होत असेल तर वही भरेल. दिवाळीनंतरही यांतले काही होत नसेल, तर वर्गशिक्षकांना भेटा आणि वही न दाखवता याच गोष्टींविषयी विचारा.

प्रश्न : वाढदिवसाला वर्गात केक कापावा की नाही? काही पालक सगळ्या मुलांना महागडी भेट देतात. (एक पालक, नाशिक)

उत्तर : कापू नये. वर्गाच्या वाचनपेटीत एक गोष्टीचे पुस्तक द्या, त्यावर मुलाचे नाव लिहू नका. खायलाच घालायचे असेल तर पोषण आहार योजनेत तिथिभोजनाची सोय आहे. शाळेत विचारून त्या दिवशीच्या पंगतीत सगळ्यांना शिरा वाढा.

प्रश्न : मला गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर घेतले आहे. दोन वेळा कागदावर सही करायला बोलावले, बैठक अशी झालीच नाही. मी सातवी शिकलेली आहे. समितीत माझे काम नेमके काय? (समिती सदस्या, जुन्नर तालुका)

उत्तर : आपण सातवी शिकलेल्या आहात, ही बाब आपण कमीपणाने लिहिली आहे, पण कायद्याने सदस्यांसाठी शिक्षणाची कोणतीही अट घातलेली नाही, आणि ती मुद्दामच घातलेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. शाळेचे काम पाहणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि सरकारकडून आलेले अनुदान कशावर खर्च झाले ते तपासणे, ही समितीची कायद्याने दिलेली कामे आहेत. (विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही, तिथल्या वाचकांची या विषयावरची पत्रे पुढच्या वेळी घेईन.)

गावोगावी जे चालते ते मलाही ठाऊक आहे. समितीच्या अध्यक्षपदी वहिनी असतात आणि बैठकीला भाऊ येतात. इतिवृत्त आधीच लिहिलेले असते, नोंदवही घेऊन एखादा मुलगा घरोघर सह्यांसाठी फिरतो. मुख्याध्यापक म्हणून पहिली काही वर्षे मीही असेच इतिवृत्त लिहिले, आणि त्यामागे लबाडी कमी व कंटाळा जास्त होता, कारण बैठक बोलावली तर पाणीटंचाईवर बोलणे होई आणि शाळेचा विषय निघतच नसे. हे चित्र बदलले ते एका आजीमुळे. नातवाच्या पालक म्हणून त्या समितीवर होत्या. सही करायची वेळ आली तेव्हा ‘वाचून दाखवा’ म्हणाल्या. मी वाचून दाखवले. त्यात ‘पोषण आहाराच्या दर्जाबाबत समाधान व्यक्त करण्यात आले’ असे वाक्य होते. आजी म्हणाल्या, ‘मी कधी जेवले इथं, म्हणून समाधान व्यक्त करू?’

दुसऱ्या दिवशी त्या जेवायला आल्या. आपणही तिथूनच सुरुवात करा असे मी सुचवेन, कारण आराखडा आणि अनुदान हे शब्द जड वाटले तरी स्वयंपाकात आपल्याला कोणी फसवू शकत नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला या योजनेत रोज १०० ग्रॅम धान्य, आणि एकूण जेवणातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. वाढण्यापूर्वी शाळेतल्या शिक्षकाने अन्न चाखून पाहायचे असते. त्या दिवशीच्या पटावरची हजर मुले मोजा, स्वयंपाकी ताईंनी किती तांदूळ काढला ते वजनाने पाहा, डाळ किती घातली ते विचारा आणि मग मुलांच्या पंगतीत बसून जेवा. पंगत कशी बसली आहे हेही पाहा. इयत्तेनुसार बसली आहे, की ज्याची त्याची वस्ती एका रांगेत आहे? कोणाचे ताट घरून आलेले आहे आणि का? आमच्या आजींनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. आमटीत मीठ जास्त आहे, ही एक. आणि खिडकीपाशी बसणारी तीन पोरे सगळ्यांत शेवटी वाढून घेतात, तोवर भाजी संपते, ही दुसरी. मी त्या शाळेत चार वर्षे होतो आणि मला ती पोरे दिसली नव्हती.

पुढच्या सहीच्या वेळी आपणही ‘वाचून दाखवा’ म्हणा. महिन्याला एक बैठक व्हायला हवी. ती होत नसेल तर दोन-तीन आयांनी मिळून मुख्याध्यापकांना तारीख मागा. शाळा सुटण्याची वेळ ठेवा, म्हणजे मुलांना न्यायला आलेल्या बायका थांबतील. पहिल्या बैठकीत एकच विषय घ्या आणि तो तडीस न्या.

प्रश्न : आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. माझ्या रानाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, असतात. पाच-सहा पोरे दिवसभर तिथेच असतात. गावातली शाळा एक किलोमीटरवरसुद्धा नाही. मुकादम म्हणतो, दाखला गावाकडे आहे, शाळेत घेणार नाहीत. मी शेतकरी आहे, मी काय करू शकतो? (एक वाचक, वाळवा तालुका)

उत्तर : मुकादमाचे म्हणणे चूक आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला उशिरा मिळाला किंवा मिळालाच नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसला तरी नाकारता येत नाही. वर्ष अर्धे सरल्यावर मूल आले तरी नाकारता येत नाही. मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत बसवायचे आणि मागे राहिलेले भरून काढायला मदत करायची, असे हा कायदा सांगतो. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश करून घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. आपल्या राज्यात अशा मुलांना मूळ शाळेतून शिक्षण हमी पत्रक देण्याचीही पद्धत आहे. आई-वडिलांना विचारून पाहा, एखाद्या पेटीत घडी करून ठेवलेले सापडेल. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावीच थांबतात, पण ज्यांच्या मागे सांभाळायला कोणी नाही ती आई-वडिलांच्या कोयत्याबरोबर येतात, आणि आपल्या रानाच्या कडेला आहेत ती हीच.

प्रवेश मिळवणे हा सोपा भाग आहे. अडचण पुढे येते. आई-वडील पहाटे फडात जातात, तेव्हा शाळेची वेळ कोणी सांगायची? सहा वर्षांच्या मुलाला ओढा आणि डांबरी रस्ता ओलांडून कोणी न्यायचे? आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण तान्ह्याला कडेवर घेऊन कोपीत बसलेली असते, ती कशी येणार? यांतल्या पहिल्या दोन प्रश्नांना आपल्यासारखा शेजारी पुरेसा आहे. आपली किंवा भावकीतली मुले त्याच वाटेने जात असतील तर त्यांच्याबरोबर त्यांना धाडा. तान्ह्याचा प्रश्न जवळच्या अंगणवाडीत विचारा, आणि तिथे सोय होईपर्यंत बहिणीला तान्ह्यासकट वर्गात बसू द्या असे शिक्षकांना सांगा. या बाबतीत महाराष्ट्राला जुना वारसा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी काम करताना जनावरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती. तिला कुरणशाळाच म्हणत. त्या मानाने एक तान्हे मूल वर्गाच्या कोपऱ्यात झोळीत टाकणे ही काही मोठी गोष्ट नाही.

आपल्या गावातल्या शिक्षकांना एक निरोपही द्या. ही मुले बीड-जालन्याकडून आलेली असतात, त्यांचे शब्द वेगळे असतात आणि वर्ग त्यांच्या बोलण्याला हसतो. पहिल्या दिवशी त्यांना पाढे विचारू नयेत. उसाची मोळी कशी बांधतात, वाढे (उसाचा हिरवा शेंडा) म्हणजे काय, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत कशी चढतात, हे त्यांना विचारावे. आपल्या भागातल्या मुलांनी ऊस जन्मापासून पाहिलेला असतो, पण मोळी बांधायला त्यांतल्या एकालाही येत नाही. माझ्या शाळेत अशा एका मुलाने वाढ्याला पीळ देऊन त्याचा बंध केला आणि त्याने तीन केरसुण्या एकत्र आवळून दाखवल्या. पुढे एप्रिलमध्ये टोळी परत गेली, तेव्हा त्या वर्गातल्या चौघांना तो बंध येत होता आणि हजेरीपटावर त्याच्या नावासमोर ९१ दिवस लागले होते.